सदूच्या गळ्यातला मफलर

मी एक जुना, लाल मफलर आहे. कोकणात मफलर कशाला, म्हणून हसू नका, मित्रांनो. संगमेश्वराकडच्या डोंगरवाडीत माघातल्या पहाटे दात वाजतात. चिमाने मला नवऱ्यासाठी विणलं. तो, सदू, शिमग्यातल्या नमनाच्या खेळात गवळण गायचा. त्या गळ्याला वारा लागू नये, एवढंच माझं काम.

मग गळ्याच्या हाडापाशी गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून सदूने मनावर घेतली नाही. ती वाढली तसा तो मला भर वैशाखातही गुंडाळू लागला. घामाने मला कुबट वास यायचा. अखेर चिमाने भांडून गावदेवीला कौल लावायला लावला. "आई, मानेवरची गाठ कापायची काय?" गुरवाने विचारलं. मूर्तीला चिकटवलेल्या कळ्यांतली उजवी पडली. देवीने होकार दिला.

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "गाठ कॅन्सरची नाही. पण तिचं मूळ छातीत आहे. मान आणि छाती दोन्ही उघडाव्या लागतील. नुसती वरून ओढली तर आत रक्तस्राव होईल. उशीर केलात तर श्वास अडेल, आवाजाची नसही त्यात गुरफटेल."

"कौल मानेचा हाय, बाई. छातीचा ईचारलाच न्हाय," म्हणत सदू उठला.

कॅन्सर नाही, एवढंच त्याने घरी नेलं. नव्या कौलाआधी गुरवाकडे सुतक आलं. मग शिमगा, देवी पालखीतून घरोघर फिरत होती, छातीचा कौल राहूनच गेला. तोवर सदू भिंतीला टेकून, बसूनच झोपायचा. माझ्याखाली त्याचा श्वास घरघरत असे आणि मला फार भीती वाटे.

शिमग्याच्या नमनात गवळण अर्ध्यावर तुटली. सदूचे ओठ काळेनिळे पडले. चिमाने मला ओरबाडून काढलं. "देवीला मी मागनं ईचारीन! आदी गाडी बोलवा!"

रत्नागिरीला मान आणि छाती एकदमच उघडली. गाठ निघाली, जीव वाचला. आवाजाची नस मात्र गाठीत पुरती अडकली होती. ती वाचली नाही.

आता गवळण दुसरा गातो. सदू मागे बसून नुसते ओठ हलवतो. त्याच्याकडे बघवत नाही.

परवा थंडीत लेकीने, सानवीने, मला मागितलं. सदूने मला खुंटीवरून काढलं, पण लगेच दिलं नाही. आधी तिचा गळा बोटांनी चाचपला, सगळीकडून, हळूहळू. मित्रांनो, मला खुशाल गुंडाळा. पण आधी तेवढं करा.