गावी गेल्यावर दाखवायचा दात

मी जबडा बोलतोय. दचकू नका, कुणाच्या तोंडातून निसटलेला नाही. मी शिकवण्याचा जबडा. कलिंगडाएवढा, गुलाबी हिरड्यांचा, मागे पितळी बिजागरी. माझा एकेक दात काडेपेटीएवढा. वरचा भाग उचलला की मी आ वासतो आणि तो मिटवायला कुणीतरी यावं लागतं. बरेचदा कुणी येत नाही. त्यामुळे मी जन्मभर आ वासूनच जग बघत आलोय, आणि खोटं कशाला सांगू, मला बघायची हौसही फार. कुणाच्या घरी कोण आलं, कोण काय खातं, कोण कुणाशी अबोला धरून आहे, मला सगळं कळतं.

माझा जन्म पुण्यातला. कॉलेजांसाठी शरीराचे नमुने बनवणारा एक छोटा कारखाना होता, तिथला. शेजारच्या फळीवर एक मूत्रपिंड रंग वाळत पडलेलं असायचं. स्वभावानं चांगलं, पण अबोल. तिथून मला प्रमिला घेऊन गेली. तेव्हा ती दातांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. मला काखेत मारून ती शाळाशाळांतून हिंडायची आणि हातभर लांब ब्रशानं माझे दात घासून दाखवायची. मुलं हसायची. पण हसताना त्यांचे दात दिसायचे, आणि प्रमिलाला तेच हवं असायचं.

मग तिचं लग्न झालं. नवरा सदानंद दुबईला एका बांधकाम कंपनीत इंजिनियर. मेतकूट, गोडा मसाला आणि पापडांच्या मध्ये बसून मीही निघालो. दुबईच्या विमानतळावर मशीनमध्ये माझी बत्तिशी दिसली आणि बॅग उघडायला लावली. तिथल्या माणसानं मला उघडलं, मिटलं, परत उघडलं. ‘डॉक्टर?’ म्हणून त्यानं विचारलं तेव्हा प्रमिला हो म्हणाली.

खरं तर तिथे ती डॉक्टर नव्हती. तिथलं लायसन्स हवं, त्याची परीक्षा हवी, कागदांवर कुठकुठले शिक्के हवेत. ती अभ्यासाला बसली आणि मुलगी झाली, आभा. परत बसली आणि सासूबाई आजारी पडल्या. मग पुस्तकं माळ्यावर गेली. पुण्यात शेकडो दात काढलेली ही बाई अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये भाजी निवडत बसू लागली. तिथे कुणाच्या दाताला हात लावायची तिला परवानगी नव्हती. घासून दाखवायची मात्र मनाई नव्हती, म्हणून मी टिकलो.

माझी जागा हॉलमध्ये, चपलांच्या कपाटावर. आभा मोठी झाल्यावर तिला माझी लाज वाटायला लागली. मैत्रिणी यायच्या असल्या की ‘ममा, कॅन यू प्लीज टर्न इट अराउंड?’ म्हणायची. मग मी वाढदिवसभर भिंतीकडे तोंड करून केकचा वास घेत बसायचो.

बिल्डिंगमधल्या बायका मात्र मला बघूनच यायच्या. वरच्या मजल्यावरची मनोरमा तर दर महिन्याला. ट्यूबलाइटखाली खुर्ची ओढायची, तोंड उघडायची आणि प्रमिलाला म्हणायची, जरा बघ ना गं. प्रमिला बघायची. कीड खोल गेलीय, लांबवू नकोस, असं सांगायची. त्यावर मनोरमाचं ठरलेलं असायचं.

“इथे एका रूट कॅनॉलचे दीड हजार दिरहॅम. म्हणजे अठरा हजार रुपये गं! तेवढ्यात इंडियाचं तिकीट येतं. दातही होतो आणि आईही भेटते.”

दोघी हसायच्या. ही तिथली रीतच होती. ताप आला तर डॉक्टर, हात मोडला तर हॉस्पिटल. दात मात्र इंडियासाठी राखून ठेवायचा. कंपनीच्या विम्याच्या कार्डात दात बसायचा नाही ना. मग वर्षभर लवंग धरायची, गोळी घ्यायची, दुसऱ्या बाजूनं चावायचं, आणि जुलैत सगळी बिल्डिंग आपापले दात घेऊन गावी जायची. दातांची डॉक्टर असलेली प्रमिलासुद्धा तिची अक्कलदाढ जुलैसाठीच सांभाळून होती.

दुबईतल्या मराठी बायकांचा एक ग्रुप शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुटीच्या दिवशी, कामगारांच्या कॅम्पांवर जायचा. साबण, ब्रश, पेस्ट वाटायचा. प्रमिला त्यांच्यात गेली आणि मला पुन्हा काम मिळालं. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कॅम्पवर आमची नेहमीची फेरी असायची. मेसच्या हॉलमध्ये डाळीचा आणि फिनेलचा वास. माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसलेली. मला टेबलावर ठेवलं की कुणीतरी विचारायचं, मॅडम, ये ऊंट का है क्या? मग हशा. कॅम्पची व्यवस्था बघणारा कॅम्पबॉस खैरुद्दीन मागून ओरडायचा, चूप बैठो रे. आणि स्वतःही हसायचा.

प्रमिला जीव ओतून शिकवायची. चहात साखर किती, तंबाखूची गोळी कुठे ठेवता, रात्री चूळ भरता का. माणसं ऐकायची. पण शेवटी प्रश्न एकच यायचा. दुखणारा दात दाखवायचा कुठे? त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. मग जे बिल्डिंगमध्ये सगळे म्हणायचे तेच ती त्यांनाही सांगायची, “छुट्टी पे घर जाओ, तो सबसे पहला काम दाँत का.” पुढेपुढे तिनं ‘छुट्टी पे’ म्हटलं की उरलेलं सगळा हॉल म्हणायचा. तिला ते आवडायचं. शिकवलेलं डोक्यात राहिलं, असं वाटायचं.

तिथेच वली भेटला. रत्नागिरीकडचा, एसीचे पत्र्याचे डक्ट बसवायचा. मराठी ऐकलं की त्याचा चेहरा उजळायचा. मला गाडीतून हॉलमध्ये न्यायचं आणि परत गाडीत ठेवायचं काम त्यानं आपणहून घेतलं होतं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्याच्या खालच्या दाढेत मोठा काळा खड्डा होता. प्रमिलानं तो पाहिला, तेव्हा तो म्हणाला, मार्चमध्ये बहिणीचं लग्न आहे, जाणारच आहे, तेव्हा काढून टाकतो. प्रमिला म्हणाली, चालेल.

मग दोन हजार आठ संपता संपता मंदी आली आणि सगळंच थांबलं. खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन एका जागी उभ्या राहिल्या त्या हलेचनात. मनोरमाकडे आठवड्यात आवराआवर झाली. सोफा लिफ्टपाशी ठेवून ती मंडळी गेली. निरोप घ्यायला आली तेव्हा ती माझ्याकडे बघून नुसतीच मान हलवून गेली. सदानंदच्या ऑफिसात पगार अर्ध्यावर आला आणि माणसं एकेक करून केबिनमध्ये बोलावली जाऊ लागली. पेस्ट आणि ब्रशला पैसे देणारे थांबले. ग्रुपमधल्या बायका पांगल्या. उरली प्रमिला. सदानंदला आता शुक्रवारचं ओव्हरटाइम नव्हतं, म्हणून तोच तिला सोडायला यायचा आणि बाहेर गाडीत बसून राहायचा.

कॅम्पमध्ये निम्मी माणसं बिनकामाची पडून होती. जानेवारीत जे सुटीवर गेले, त्यांचे व्हिसा तिकडेच रद्द झाले. ते कळल्यापासून सुटी घ्यायची कुणाची छाती होईना. वलीच्या बहिणीचं लग्न त्याच्याशिवाय झालं. दाढ जिथल्या तिथे राहिली.

मे महिन्यातला एक शुक्रवार. वली गाडीपाशी आला नाही. प्रमिला मला काखेत घेऊन त्याच्या खोलीत गेली. तो दुमजली कॉटच्या खालच्या कॉटवर बसला होता. गालाला पंचा बांधलेला, हातात तापवलेल्या मिठाची पुरचुंडी. एका बाजूचा गाल फुगून डोळ्याला टेकलेला. तिनं त्याला तोंड उघडायला सांगितलं. जेमतेम एक बोट आत जाईल एवढं उघडलं. हनुवटीखाली तिनं चाचपून पाहिलं, तर सूज तिथेही उतरलेली, लाकडासारखी कडक.

“दाखवलं का नाहीस, वली?”

“कुठे, ताई?” त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तोंडात घास असल्यासारखा आवाज येत होता. “तुम्हीच म्हणायचात ना, घरी गेलो की. ते घरी जाणंच राहून गेलं.”

प्रमिला बाहेर आली. खैरुद्दीन म्हणाला, कार्डाचं नूतनीकरण अडकलंय, ऑफिस आज बंद आहे. उद्या उघडलं की हॉस्पिटलसाठी कंपनीचं पत्र घेऊन मी स्वतः नेतो, इन्शाल्ला. माणूस वाईट नव्हता. त्याचीही नोकरी लोंबकळत होती.

तिनं मला मागच्या सीटवर ठेवलं आणि सदानंदला सांगितलं, याला आत्ता न्यायला हवं. इमर्जन्सीत घेतात, पत्र लागत नाही. सदानंदचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. गाडी बंद होती, तरी.

“तुझ्याकडे लायसन्स नाही,” तो म्हणाला. “तू त्याच्या तोंडात बघितलंस, मग आपण त्याला कॅम्पमधून उचलून नेलं. काही झालं तर कोणाच्या अंगावर येईल? आणि ही आमच्याच कंपनीच्या हाताखालची माणसं आहेत. सोमवारी कुणाला काढणार त्याची लिस्ट लागतेय, प्रमिला. एक दिवस. उद्या ते नेतायत ना? एक दिवसानं काय होतंय?”

काय होतं ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं, आम्ही एकाच कॉलेजात शिकलो होतो. मग तिनं पर्स उघडली. पुण्याहून आणलेल्या गोळ्यांची पट्टी त्यात होती. इंडियातून आणलेली औषधं तिथे प्रत्येक घरात असतात, आपली आपण घ्यायला. ती पट्टी घेऊन ती परत आत गेली. या वेळी वली तिला सोडायला दारापर्यंत आला, एका हातानं गाल धरून.

“ताई,” तो म्हणाला, “जबडा आज मी उचलला नाही.”

तिनं त्याला उद्या सकाळी, पहिलं काम, असं बजावलं. तो हो म्हणाला. गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी खैरुद्दीन शब्दाला जागला. सकाळीच वलीला घेऊन ऑफिसात गेला. पत्रावर सही करणारा साहेब मीटिंगमध्ये होता. मग जेवायला गेला. वली खुर्चीत बसून होता. सूज खाली गळ्यात उतरली होती. त्याला थुंकी गिळता येईना, मग श्वास घेता येईना. अँब्युलन्स आली तेव्हा तो निळा पडला होता. दुपारच्या, असरच्या नमाजाआधी सगळं संपलं.

खैरुद्दीनचा फोन आला तेव्हा प्रमिला हॉलमध्ये उभी होती, माझ्यासमोर. फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“दाँत था, मैडम. सिर्फ दाँत था.”

ती खाली बसली, चपलांमध्ये. सदानंद आतून आला आणि तिला बघून दारातच थांबला. सोमवारी लिस्ट लागली. त्यात त्याचंही नाव होतं. घरी येऊन त्यानं ते सांगितलं आणि तिनं फक्त जेवायला वाढलं.

आता आम्ही शारजात, अल मजाजला असतो. एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं. सदानंदला बऱ्याच महिन्यांनी छोटी नोकरी मिळाली. मी बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे. खाली तलाव आहे म्हणतात, मला कठडाच दिसतो. बिजागरी हिरवी पडलीय, दातांच्या फटींत वाळू बसलीय, आणि एक कबुतर मला घर समजतं. दीडेक वर्ष प्रमिलानं माझ्याकडे पाहिलं नाही.

मग एका शुक्रवारी तिनं खैरुद्दीनला फोन लावला. तो दुसऱ्या कॅम्पवर होता. मला वाटलं, आता मला पुसून घेईल. पण तिनं टॉर्च घेतली, हातमोजे घेतले, आणि फोनवर म्हणाली, “लेक्चर नहीं होगा, भाई. सब का मुँह खुलवाना है. जिस का नहीं खुलेगा, या सूजन होगी, वो आज ही मेरे साथ अस्पताल आएगा. कार्ड हो, न हो.”

सदानंद तोवर चपला घालून दाराशी उभा होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी तो बाल्कनीत आला, गाडीच्या मागच्या सीटचं कव्हर घेऊन. त्यावर रक्ताचे आणि पुवाचे डाग होते. त्यानं ते नळाखाली हातानं चोळून चोळून धुतलं आणि माझ्या डोक्यावरच्या दोरीवर वाळत घातलं. आता बहुतेक शुक्रवारी ते कव्हर तिथे असतं. तो आणि प्रमिला अजूनही त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. बोलतील असं मला वाटत नाही. वली काही परत यायचा नाही, आणि हे दोघांनाही माहीत आहे.

मला पहिल्यांदा वाईट वाटलं, की आता माझं काम संपलं. मग दोरीवरून पाणी माझ्या दातांवर ठिबकत राहिलं, आणि वाटलं, संपू दे. ब्रश कसा धरायचा हे मी हजारो माणसांना शिकवलं. त्यांना ते आधीच थोडंफार येत होतं. दुखतंय तर जायचं कुठे, हे त्यांना हवं होतं.

तेव्हा जाता जाता एक मागणं आहे, आणि ते तुमच्याकडे आहे. दुसऱ्याच्या ताटात बघणं बरं दिसत नाही म्हणतात. तुम्ही बघा. ऑफिसच्या डब्याला, शेजारी, मेसमध्ये, कुणी एकाच बाजूनं चावत असेल, भाकरी चहात बुडवून मऊ करत असेल, गार पाण्याचा पेला हातात धरून थांबत असेल, तर त्याला विचारा, दात दुखतोय का. तो हसून म्हणेल, काही नाही हो, बघू पुढे.

तिथून उठू नका. त्याला घेऊनच उठा.