अकरावा ठोकळा

टक् असा आवाज झाला आणि पंपावरचा काटा धपकन खाली बसला. योगिनीला हे नवं नव्हतं. जमिनीखालच्या तापलेल्या खडकात दाबानं पाणी घुसवलं तर तो कसा तडकतो, आणि त्या उष्णतेवर वीज करता येईल का, हे पाहायला ती दीड वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत ग्रॅनाइटचे फूटभर ठोकळे तापवून फोडत होती. यंदा दुष्काळामुळं कॉलेजच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नव्हतं. पंपाला लागणारं पाणीसुद्धा ती पुंडलिकनगरच्या घरून स्कूटीवर आणायची.

बहुतेक ठोकळ्यांत तडा सरळ जायचा सोडून एका अंगाला वळायचा. तापल्या ग्रॅनाइटचा हा वेगळाच गुण आहे, असं तिनं आणि तिचे मार्गदर्शक शिवशंकर सर यांनी मांडलं. गेल्याच महिन्यात त्यांचा तो शोधनिबंध छापून आला होता.

तडा कुठवर पोचतो ते दिसावं म्हणून आज तिनं पहिल्यांदाच पाण्यात लाल रंग घातला होता. ठोकळ्याचे दोन भाग तिनं वेगळे केले. लाल डाग मध्येच थांबला होता. त्यापुढं गुळाच्या पाकासारखा चकचकीत पट्टा होता. तिनं नख लावलं. नख रुतलं.

दगडात नख रुततं?

तो तुकडा पिशवीत घालून ती तडक बजाजनगरच्या पुढं बन्सीच्या शेडवर गेली. सगळे ठोकळे त्यानंच कापून दिले होते.

"बन्सीभाऊ, ह्यात काय भरलंय?"

"चीर व्हती ना, मॅडम. केमिकल भरलं, वरून दगडाची पूड चोळली. फरशीला बी तसंच करतो आमी."

"मी बिनचिरेचा दगड मागितला होता!"

"मिळंना तर काय करू? दुष्काळानं कापायला पाणी नाय. खाणवाले देतेत ते घ्यावं लागतंय." मग तो खरोखरच गोंधळून म्हणाला, "आन् मॅडम, तुमी तर फोडणारच व्हता ना?"

योगिनीनं चिडावं, तर तो काहीच लपवत नव्हता.

परत येऊन तिनं सरांना सांगितलं. दोघांनी मिळून जुने दहा ठोकळे तपासले. आठांत तोच पाक, आणि तडा वळला होता तो त्या भरलेल्या चिरेकडेच. दोन स्वच्छ होते. त्या दोहोंत तडा सरळ गेला होता, आणि ते प्रयोग फसले म्हणून तिनंच वगळले होते.

सरांनी हातातला तुकडा टेबलावर ठेवला.

"काय करायचं म्हणतेस?"

"निबंध मागं घेऊ, सर."

"तीस वर्षांत एकही निबंध मागं घेतला नाही मी." खुर्ची ओढून ते बसले. "लिही पत्र. सहीला माझं नाव वर घाल."

पत्र त्याच संध्याकाळी नियतकालिकाकडं गेलं. योगिनीची पदवी पुढं दोन वर्षं लांबली. पण त्या दिवशी पत्र पाठवल्यावर ती वगळलेल्या दोन ठोकळ्यांच्या नोंदी पुन्हा उघडून बसली, आणि सरांनी पुढं केलेला चहा तसाच निवून गेला.