ब्रेकमधली हवा

"दाब," गाडीखालून मीटरवाल्यांनी आवाज दिला.

"दाबलं," वरून टेलरमास्तर म्हणाले.

मीटरवाल्यांनी चाकामागचा स्क्रू पान्यानं जरासा सैल केला. नळीतून ब्रेक ऑइल बरणीत उतरलं, पाठोपाठ दोन बुडबुडे आले. पण स्क्रू आवळायच्या आतच पेडल वर आलं आणि निघालेली हवा आल्या पावली परत आत गेली.

"मास्तर, मी सोड म्हटलं होतं का?"

"मी नाही हो सोडलं. पाय सुटला. चाळीस वर्षं मशीन मारलंय त्यानं. खाली गेला की वर येणारच. थांबायचं त्याला कुणी शिकवलंच नाही."

मीटरवाल्यांनी आयुष्यभर लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. लोकांच्या दारात उभं राहायचं, आकडा लिहायचा, पुढच्या दारात जायचं. स्वतःचं म्हणून एकच वेड केलं. साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात बनलेली, दोघांपुरती, बिनछपराची स्पोर्ट्स कार भंगारातून आणली आणि चौदा वर्षं तिचा एकेक अवयव जागेवर बसवला. बायको म्हणायची, "सवत आणलीत ती आणलीत, निदान जेवायला तरी मागत नाही." म्हणायची आणि पदर खोचून मदतीला यायची. ब्रेकमधली हवा काढणं एकट्याचं काम नव्हे. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली स्क्रू सोडायचा. ते काम तिचं होतं. अर्ध्यावर आलं होतं, तेव्हा ती गेली. त्यानंतर आठ महिने त्यांनी गाडीवरची चादर काढली नाही.

आता उद्या सकाळी एक शौकीन माणूस ट्रक घेऊन गाडी न्यायला येणार होता, आणि परवा मीटरवाले मुलाकडे राहायला जाणार होते, नवव्या मजल्यावर. चौदा वर्षांत गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली नव्हती. एकदा, फक्त एकदा, ती चालवायची होती. सकाळपासून पेडल आणि सीट यांच्यामध्ये काठी अडकवून पाहिली. ती सटकली. शेवटी अभिमान गुंडाळून शेजारच्या मास्तरांचं दार वाजवलं.

"वहिनी कसं करायच्या?" मास्तरांनी विचारलं.

मीटरवाल्यांनी नळी पुसून पुन्हा स्क्रूवर बसवली.

"पेडल दाबायची आणि माझ्याशी भांडायला लागायची. भांडण मिटेपर्यंत तिचा पाय तसूभर हलायचा नाही."

"मग भांडा की माझ्याशी. विषय काढा."

"मुलाच्या लग्नात तुम्ही माझी पँट चार बोटं आखूड शिवलीत. दाब."

"दाबलं. आखूड? माप घेताना पोट आत ओढून उभे होतात तुम्ही. पँट वर चढली तर त्यात माझ्या कात्रीचा काय दोष?"

"फोटोत माझे मोजेच दिसतात सगळीकडे."

"मोजे तरी एकाच जोडाचे घालायचे होते!"

स्क्रू आवळला गेला. "सोड."

मास्तरांचा पाय तेव्हाच सुटला. चारही चाकं होईपर्यंत दोघांनी पँटीवरून कोटावर आणि कोटावरून एकमेकांच्या खानदानावर मजल मारली. देवानं माणसाला जीभ कशासाठी दिली, ते अशा वेळी कळतं. शेवटी बरणीत नुसतं तेल आलं, एकही बुडबुडा नाही. पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"चला मास्तर, एक चक्कर मारू."

मास्तरांनी शेजारच्या सीटकडे पाहिलं, मग स्वतःच्या चपलांकडे. "नको. मला एक ब्लाउज द्यायचाय संध्याकाळपर्यंत," म्हणाले आणि उतरून, गाडीचं दार लोटून गेले.

मीटरवाले स्टीअरिंगमागे बसायला गेले, तर बसताच येईना. गुडघे स्टीअरिंगला भिडले, पोट अडकलं. मास्तर ठेंगणे, त्यांना काही जाणवलं नसावं. बायको पेडलपर्यंत पाय पोचावा म्हणून सीट पार पुढं सरकवून बसायची. सीट अजून तिथंच होती.

खाली हात घातला तर दांडी बोटांना लागली. एक खटका, की सीट मागं आली असती.

हात त्यांनी वर घेतला. अंग चोरून, गुडघे फाकवून कसेबसे आत बसले. इंजिन पहिल्याच हाकेला ओ देऊन सुरू झालं. फाटक, कोपरा, मग शाळेमागची उतरण. उतरणीच्या तळाशी त्यांनी ब्रेक दाबला. गाडी सरळ रेषेत, शहाण्यासारखी थांबली. उजवा गुडघा स्टीअरिंगवर आपटला. तो त्यांनी चोळला, आणि तसेच अवघडून पुढं निघाले.