सह्या आधी, ठराव मागून

मी ठरावाची वही बोलतेय. पवनी तालुक्यातल्या एका गावाच्या ग्रामसभेची. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी मला भंडाऱ्याच्या बाजारातून आणलं. अजून भरले नाही. सभाच किती होतात?

इथली रीत अशी, की मी कोरीच फिरते. म्हातारे पानाच्या तळाशी सह्या ठोकतात, चहा पितात, घरी जातात. वर काय लिहायचं ते सचिव मागून बघतो. याला ते विश्वास म्हणतात. मी आळस म्हणते.

सत्तेचाळिसाव्या पानावर बत्तीस सह्या आहेत. पहिली गावातल्या वडीलधाऱ्या आनंदरावांची. आठ दिवसांनी त्या सह्यांच्या डोक्यावर लिहिलं गेलं: गावतलावाचं पाणी तीस वर्षं परदेशी कंपनीच्या कारखान्याला द्यायला गावाची हरकत नाही.

तलाव कारखान्याकडे गेला आणि दोन वर्षं धानाची रोपं, आमचे पऱ्हे, बांधीतच वाळले, रोवणी झाली नाही. सरकारनं करार रद्द केला. कंपनी भंडाऱ्याच्या कोर्टात आलीच नाही. दोन देशांमधल्या तहाचा आधार घेऊन तिनं सरकारलाच समुद्रापार तीन पंचांच्या लवादापुढे उभं केलं. माझ्या त्या पानाची झेरॉक्स तिथे पुरावा झाली. गावाला मात्र साधी खुर्ची नव्हती. सरकार नमलं, पाणी पुन्हा कारखान्याला सुरू झालं.

आज कंपनीला उरलेली बोडी, गावाचं धाकटं तळं, तीही हवी होती. मी पुन्हा कोरी फिरले. अकरा सह्या झाल्या. आनंदरावांनी पेन टेकवला, तशी त्यांची नात खुशबू, वकिलीचं शिक्षण अर्धवट टाकून आलेली, माझ्यावर हात ठेवून बसली.

"कायवर सही करून राहिले, आबाजी?"

"सचिव साहेब लिहितेत ना मंग."

"चारशे वर्षांआधी बी असंच होतं. समुद्रापारच्या राजानं व्यापारी कंपनीले सनद देली, तोफा ठेवा, तह करा. इकडच्या राजांनी शिक्के मारले. अन् तिकडच्या वकिलांनी त्यालेच देशादेशांचा कायदा म्हटलं."

"परीक्षेत हे लिहिलं असतं, त पास झाली असती," आनंदराव म्हणाले.

"मी नापासच झाली. तुमी त तलाव देऊन बसले."

आनंदरावांनी मला स्वतःकडे ओढलं. मग त्या अकरा सह्यांच्या वरच्या रिकाम्या जागेत, वाकड्या अक्षरात, त्यांनी स्वतःच लिहिलं: बोडीचं पाणी देणार नाही. मोठ्यानं वाचलं. खाली सही केली.

"असं कसं?" सही करून बसलेला एकजण उठला. "आमाले इचारलं काय?"

"मागच्या वेळी कोनं इचारलं होतं?" आनंदराव म्हणाले. "खोडाचं असंल, त ये. पन वाचून खोड."

तो आला. वाचलं. परत जाऊन बसला.

मी आभार मानणार नाही. सत्तेचाळिसावं पान अजून माझ्यातच आहे आणि तलावाचं पाणी अजून कारखान्यातच जातं. माझी बरीच पानं कोरी आहेत. जो न वाचता सही करतो, त्याच्या हाती मला देऊ नका. तो तुमचा आजा असला तरी.