कान गुंतलेला, हात मोकळा

ऑपरेटरबाईंनी एकतीस वर्षं एका मोठ्या रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर काढली. जिन्याखालची बिनखिडकीची खोली, कानाला हेडफोन, समोर फोन जोडायच्या दोऱ्या लावायची भोकं आणि कोपराशी निरोप लिहायच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. डाव्या हातानं दोऱ्या लावायच्या, उजव्या हातात निळं बॉलपेन. लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायच्या, "सगळ्यांच्या गाठी घालून देता देता माझी राहूनच गेली."

निवृत्तीनंतर मात्र घर त्यांना खायला उठलं. एवढी शांतता त्यांच्या कानांना झेपेना. नळ सोडून ठेवायच्या, रेडिओ लावायच्या, तरी आत कुठेतरी लाइन तुटल्यासारखं वाटायचं.

अशात त्यांची भाची माळा आवरायला आली. ती शाळेत चित्रकला शिकवायची. बुटांचे सात खोके खाली काढून तिनं एकाचं झाकण उघडलं आणि तिथंच फरशीवर बसकण मारली. खोक्यात पिवळ्या चिठ्ठ्या होत्या, हजारो. पुढं निरोप आणि मागं चित्रं. पाण्यात उतरत जाणारे जिने होते, खिडक्यांतून पोहत बाहेर पडणारे मासे होते, एकाच फांदीवर झोपलेलं अख्खं गाव होतं.

"मावशी, हे कोणी काढलं?"

"काढलं कसलं! पेन चालतंय का ते बघत होते."

"एकतीस वर्षं?"

फोनवर कोणी थांबलेलं असलं की हात आपोआप चालायचा, एवढंच बाईंना ठाऊक. कागद फेकवत नव्हते म्हणून घरी आणले होते.

भाचीनं ऐकलं नाही. वाचनालयाच्या वरच्या दालनात पाच जणांचं प्रदर्शन ठरत होतं, त्यात तिनं मावशीचं नाव घातलं. एक छापील कागद भरून द्यायचा होता. त्यावर दोन चौकटी होत्या, चित्रामागची प्रेरणा आणि वापरलेलं साहित्य. साहित्याच्या चौकटीत बाईंनी लिहिलं, "बॉलपेन, ऑफिसचं. चिठ्ठ्या, त्याही ऑफिसच्याच." लिहून झाल्यावर त्यांना धडकी भरली की आता ऑफिस परत मागतंय की काय. प्रेरणेची चौकट कोरीच राहिली.

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी दालनात उन्हाचे लांब पट्टे पडले होते आणि त्यांत धूळ सावकाश तरंगत होती. प्रत्येकानं आपल्या चित्रापाशी उभं राहून चार शब्द बोलायचे होते. एका मुलीनं फुलं कुटून काढलेला रंग दाखवला. जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या एका मास्तरांनी जुन्या छत्र्यांचं कापड कसं चिकटवलं ते सांगितलं. मग कोळशानं चित्रं काढणारे एक वयस्क गृहस्थ उठले. जन्मभर बेकरीची भट्टी सांभाळलेली, म्हणून सगळे त्यांना भट्टीवाले म्हणत. त्यांची चित्रं साधीच होती. चमचा, उशी, दार, कंगवा. पण खिशातून कागद काढून ते घडाघडा वाचू लागले, "माझी रेषा ही अस्तित्वाच्या अंधाराशी केलेली..." आणि तिथंच अडखळले. पुढचं अक्षर लागेना. कसंबसं संपवून घाम पुसत खाली बसले.

मग बाईंची पाळी आली. भिंतीवर त्यांच्या चिठ्ठ्या काचेखाली ओळीनं लावल्या होत्या. त्यांनी लोकांकडे बघायचं टाळलं आणि पहिल्याच जिन्याकडे पाहिलं. आणि काय सांगावं, त्यांच्या कानात टप्... टप्... असा आवाज सुरू झाला.

"हा जिना," त्या म्हणाल्या, "म्हणजे एक गृहस्थ आहेत. रोज सकाळी सव्वानऊला फोन करायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या आईला झोप लागली का, एवढंच विचारायचे. वॉर्डातलं कोणी फोन उचलेपर्यंत लाइनवर गप्प उभे. त्यांच्यामागं कुठंतरी नळ ठिबकायचा. तो मला ऐकू यायचा. एक थेंब, एक पायरी."

त्यांनी काचेवरून शेवटच्या पायरीवर बोट ठेवलं.

"पुढं त्यांची आई बरी होऊन घरी गेली. चांगलंच झालं. पण जिना तेवढाच राहिला."

मग त्या पुढच्या चिठ्ठीकडे सरकल्या, तिथून पुढच्या. प्रत्येक चित्रातून आवाज वर येत होता, विहिरीतून बादली यावी तसा. मासे म्हणजे एक बाई होती. ती बाळंत झालेल्या बहिणीची वाट बघताना फोनवरच हलक्या आवाजात गुणगुणत बसायची. झोपलेलं गाव म्हणजे एक म्हातारे डॉक्टर. बोलता बोलता त्यांचा डोळा लागायचा आणि बाई त्यांना उठवायच्या नाहीत, दुसरा फोन येईपर्यंत घोरणं ऐकत बसायच्या. लोक हसले. बाईही हसल्या. आपण किती वेळ बोललो याचं त्यांना भान राहिलं नाही.

खाली बसल्यावर त्या भाचीच्या कानाशी लागल्या. "पण घरी मला एक रेघसुद्धा येत नाही गं. चार महिने झाले."

हे शेजारच्या खुर्चीवरच्या भट्टीवाल्यांनी ऐकलं. गर्दी पांगल्यावर ते घसा खाकरून म्हणाले, "बाई, तुम्ही खरं बोललात. मी वाचलं ते सुनेनं लिहून दिलं होतं. मला त्यातला अंधारसुद्धा कळला नाही."

"मग तुमचं खरं काय?"

"आमच्या हिची वाचा गेली, तीन वर्षं झाली. झटका आला होता. उजवा हातही गेला. काय हवं ते सांगता येईना, नुसती चिडायची, रडायची. मला लिहिण्याचं अंग नाही. मग भट्टीतला कोळसा घेतला आणि खोक्याच्या पुठ्ठ्यावर चमचा काढला, उशी काढली. ती हवं त्यावर बोट ठेवते. पहिल्या दिवशी तिनं कंगव्यावर बोट ठेवलं. तीन आठवडे कोणी तिचे केस विंचरले नव्हते, बाई. माझ्या लक्षातच आलं नव्हतं."

ते बोलत राहिले. बायको पूर्वी किती भांडायची, भांडणात कशी म्हणींवर म्हणी झोडायची, आता घर कसं मुकं झालंय. बाई ऐकत होत्या. मध्येच भट्टीवाले थांबले आणि बाईंच्या मांडीकडे बघू लागले. प्रदर्शनाच्या माहितीपत्रकाच्या पाठीवर बाईंचं बॉलपेन चाललं होतं. एका बाईचे मोकळे केस रस्त्यारस्त्यांतून वाहत निघाले होते आणि त्यांत दिवे लागले होते.

"हे तिला दाखवायला हवं," भट्टीवाले म्हणाले. "येता का घरी? भाकरतुकडा खाऊन जा."

तेव्हापासून बाई दर गुरुवारी दुपारी तिकडं जाऊ लागल्या. खिडकीशी पलंग, पलंगावर बारीकशी त्यांची बायको, बाईंच्या वहिनी, पायथ्याशी भट्टीवाले. ते बोलायचे, बाई काढायच्या, वहिनी एकटक बघायच्या. आधी वहिनी बाईंवर रुसल्याच होत्या. परक्या बाईपाशी नवरा एवढा भडाभडा बोलतो म्हटल्यावर कोणाला राग येणार नाही? एकदा तर त्यांनी बोट ठेवलं ते थेट दाराच्या चित्रावर. बाई समजल्या. निमूट चप्पल घालून निघाल्या, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर झाल्या.

असे पाच-सहा गुरुवार गेले. एका दुपारी भट्टीवाले लग्नानंतरच्या पहिल्या घराबद्दल सांगत होते आणि बाईंच्या कागदावर छपरांची रांग उगवत होती. तेवढ्यात वहिनींनी डावा हात पुढं केला. बाईंना वाटलं, पाणी हवंय. पण त्या हातानं बॉलपेन धरलं, बाईंच्या बोटांतून सोडवून घेतलं आणि छपरांच्या खाली एक लांब, थरथरती रेघ ओढली. ओढताना जीभ दातांत धरली होती.

भट्टीवाले कागदावर वाकले. "हे काय? रस्ता?"

वहिनींनी मान हलवली. नाही.

"भिंत?"

नाही.

"मग... नदी? आपल्या घरामागची?"

वहिनी हसल्या. अर्धाच चेहरा हसला, पण पुरता हसला. बाईंनी पिशवीतून दुसरं पेन काढलं आणि दोघी मिळून नदीत पाणी भरू लागल्या.