खालच्या पट्टीतला शाळू

मी एक जुने पेव आहे, धान्य साठवायचा खड्डा. रहिमतपूरजवळच्या एका गावात, लालासाहेबांच्या दारापुढच्या जमिनीत खणलेले. मित्रांनो, रीत आहे म्हणून मित्र म्हणते. तुमच्यापैकी कोणी माझ्याकडे ढुंकून बघत नाही, हे मला ठाऊक आहे.

मला खणले तेव्हा बघायला गाव लोटले होते. आतून सारवले, कडब्याचे अस्तर दिले आणि रानाच्या खालच्या पट्टीतला शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, आत ओतला. वर दगड, त्यावर चिखल. त्या शाळूच्या भाकरीवर या घराच्या तीन पिढ्या पोसल्या.

मग लढाई आली, गुळाला भाव चढला आणि लालासाहेबांचे डोके फिरले. सगळ्या रानात ऊस. उरलेली खालची पट्टीही त्यांनी उसाला काढली, तेव्हा त्यांची बायको अंजना माझ्या दगडावर येऊन बसली.

"आवं, येवढी तरी शाळूला ठेवा. पोरांनी खायाचं काय?"

"इकत आणू. गुळाला भाव असताना जुंधळं पेरायला मी खुळा न्हाई."

माझ्यातला शाळू संपला. लालासाहेबांनी माझ्यात गुऱ्हाळाच्या चुलवाणाची राख लोटली, माझा उकिरडा केला. हा माणूस मला आवडत नाही आणि मी ते लपवणार नाही.

पुढे बाजारात ज्वारी मिळेना. रेशनवर मिळायची ती परदेशातून बोटीने आलेली तांबडी मिलो ज्वारी, कुबट आणि किडकी. ती खाऊन धाकट्या लेकीचे, विजयमालेचे, पोट बिघडले. पोर वाळत चालली. तरी ऊस तुटल्यावर लालासाहेबांनी खालच्या पट्टीत त्याच बुडख्यांवर पुन्हा ऊस, म्हणजे खोडवा, ठेवायचे ठरवले.

त्या दुपारी अंजनाने ताट वाढले. ताटात गुळाचा खडा, बाकी काही नाही.

"भाकरी कुठं हाय?"

"आपल्या रानात पिकलं त्येच वाढलंय. खावा."

त्यांनी ताट भिरकावले. तिने गूळ उचलला, माती झटकली आणि पुन्हा वाढला. संध्याकाळी तेच, दुसऱ्या दिवशीही तेच. ती स्वतःही तेच खात होती. अखेर लालासाहेब ताटावरून उठले, कुदळ घेतली आणि खालच्या पट्टीतली उसाची खोडकी खणू लागले.

शाळू आला. पोरीने अंग धरले. पण माझ्या भिंती ढासळल्या होत्या, म्हणून दाणे कणगीत गेले. येणारेजाणारे मला बघून हसतात म्हणून लालासाहेब मला बुजवायला निघाले, तर अंजना आडवी आली.

"बुजवू नगा. रोज दिसू द्या."

म्हणून मी अजून उघडे आहे. मित्रांनो, आपल्या शिवारात पिकते ते आधी आपल्या ताटात येऊ द्या. पटत नसेल तर या आणि वाकून बघा. माझ्यात राखेशिवाय काही नाही.