चावी तिथेच आहे

गेमचा चौथा भाग आदल्या संध्याकाळी बाहेर पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाहत्यांमध्ये सरळ दोन तट पडले. ऑफिसात याचं कुणाला दुःख नव्हतं. उलट साहेब केबिनमधून बाहेर येऊन म्हणाले, "भांडतायत ना? मग खेळतायत. भांडू दे," आणि खूश होऊन परत आत गेले.

'पुसट गल्ली' हा गेम मालिकेसारखा तुकड्यातुकड्यांनी यायचा. एका शहरातल्या गल्ल्या एकेक करून धुक्यात पुसल्या जातात, आणि ते धुकं आपल्या दारापर्यंत यायच्या आत एक मुलगी म्हाताऱ्या घड्याळजी आजोबांना घराबाहेर काढायची धडपड करते, एवढीच गोष्ट. चौथ्या भागाच्या शेवटी धुकं जिन्यापर्यंत येतं. आजोबा खुर्चीतून उठायला तयार नसतात. मुलगी दार ओढून घेते, चावी मीटरच्या पेटीमागे नेहमीच्या जागी ठेवते आणि एकटी निघून जाते. आतून आजोबांचा खोकला ऐकू येतो आणि पडदा काळा होतो.

हा शेवट जिने लिहिला, तिला ऑफिसात सगळे गोष्टवाली म्हणायचे. आणि चाहत्यांनी लिहिलेलं सगळं दिवसभर वाचायचं काम जिच्या गळ्यात पडलं होतं, ती टपालीण. दोघींची टेबलं शेजारीशेजारी होती. चाहत्यांच्या गप्पांच्या पानाला ऑफिसात चावडी म्हणत, आणि चावडीवर आज नुसता कल्ला उठला होता.

"हे ऐक," टपालीण म्हणाली. "'रडून डोळे सुजले. याहून खरा शेवट असूच शकत नाही.' आणि हा खाली दुसरा. 'तीन भाग त्या म्हाताऱ्याला औषधं दिली, चष्मा शोधून दिला, आणि आता असं टाकून जायचं? लिहिणाऱ्या बाईला घरी म्हातारं माणूस नाही वाटतं!'"

"आहे म्हणावं," गोष्टवाली डब्यातला घास चावत म्हणाली. "चांगलं ठणठणीत आहे, आणि रोज माझ्या चहाला नावं ठेवतं."

दोघी हसल्या. दोन्ही तटांना आता नावंही पडली होती. एक 'दार बंद'वाले. त्यांचं म्हणणं, आजोबा गेले, मुलीने योग्य केलं, आता रडारड पुरे. दुसरे 'दार उघडा'वाले. त्यांनी शेवटचं दृश्य इतक्या वेळा खेळून पाहिलं होतं की लिहिणारीनेही पाहिलं नसेल. त्यांचा पुरावा एकच होता. मुलीला चावी सोबत नेता आली असती, पण गेम ती नेऊ देत नाही. म्हणजे परत येऊन दार उघडता येणार. म्हणजे आजोबा जिवंत आहेत. 'चावी तिथेच आहे' हे त्यांचं घोषवाक्य होऊन बसलं होतं आणि जो तो ते लिहीत सुटला होता.

टपालीण पडद्याजवळ वाकली. मग म्हणाली, "अगं, हे बघ. कुणीतरी गेममधलं चित्र टाकलंय, पण किती खरं काढलंय!"

चित्र मीटरच्या पेटीचं होतं. हिरवा रंग, एका कोपऱ्यात उडालेला. पेटीच्या मागून डोकावणारा लाल दोरा. खाली लिहिलं होतं, 'चावी तिथेच आहे.'

गोष्टवालीने हातातला घास परत डब्यात ठेवला. गेममधली पेटी करड्या रंगाची होती. हिरवी पेटी तिच्या घराबाहेर होती.

त्यांच्या धंद्यात एक सवय असते. एखादी वस्तू तयार नसली, एखादं वाक्य सुचत नसलं, तर काम अडू नये म्हणून हाताला लागेल ते तिथे घालायचं. "सध्या टाकून ठेव, नंतर बदलू," असं दिवसातून शंभरदा कुणी ना कुणी म्हणतंच. गोष्टवालीला आजोबांचं घर हवं होतं, तेव्हा तिने स्वतःच्या घराचे फोटो चित्रकाराला दिले होते. सध्या टाकून ठेव. खिडकीतून दिसणारी तिरक्या झाकणाची पाण्याची टाकी, पलीकडच्या कपडे धुणाऱ्या दुकानाची पाटी, तिसरी करकरणारी पायरी. आजोबांनी चष्मा कुठे विसरावा? बाबा फ्रिजवर विसरतात, तोच टाकून ठेव. चावी कुठे असावी? मीटरच्या पेटीमागे. खोकला? एका सकाळी तिने फोन बाबांसमोर धरला होता आणि बाबा मनापासून खोकले होते. बोलणारा नट नंतर आला, पण खोकल्याची आठवणच कुणाला राहिली नाही. चित्रकाराने पेटीचा रंग बदलला आणि आपण सगळं बदललं असं सगळे धरून चालले.

"हे माझं घर आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे माझं घर. बाबा एकटे आहेत."

तिने घरी फोन लावला. घंटा वाजत राहिली. बाबा आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करत आले होते, अजूनही शेजारपाजारची करायचे, आणि काम करताना कानातलं यंत्र काढून ठेवायचे. म्हणून तर आतली कडी कधी लावायची नाही असा घरचा नियम होता. घंटा ऐकू येणार नाही, मग दार कोण उघडणार? म्हणून तर घराची एकुलती चावी बाहेर. इतकी वर्षं ही सोय होती, आणि आता तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"ते पान बंद करायला सांग," ती टपालिणीला म्हणाली, "आणि पोलिसांना कळव. पत्ता तुझ्याकडे आहे." डबा उघडाच टाकून ती जिन्याकडे पळाली.

टॅक्सीत बसल्यावर फोन बघायचा नाही असं तिने ठरवलं आणि लगेच उघडला. चावडी अजून चालूच होती. पाण्याच्या टाकीवरून गल्ली कशी ओळखली, हे कुणीतरी फुशारकीने सांगत होतं. खाली भांडण जुंपलं होतं.

'जाऊन बघा की कुणीतरी.'

'वेडे आहात का? तिथे खरी माणसं राहत असतील.'

'आम्ही दोघं दाराबाहेर आहोत.'

मग काही वेळ कुणीच काही लिहिलं नाही. ते तिला सगळ्यात भयंकर वाटलं. मग त्याच माणसाची ओळ आली. 'आत कुणीतरी खोकतंय. तोच खोकला. शपथ!'

त्याखाली जणू सगळं जग एका वेळी ओरडलं. 'आजोबा जिवंत आहेत!' 'उघड, उघड!' 'चावी तिथेच आहे!' 'थांबा, परत फिरा, प्लीज परत फिरा.' आणि पान बंद झालं. टपालिणीने काम केलं होतं. पण पान बंद झालं म्हणजे माणसं बंद झाली असं थोडंच असतं?

ती सारखी पुढे वाकून रस्ता बघत होती, तशी ड्रायव्हरने आरशातून दोनदा पाहिलं. "ताई, बरं वाटत नाही का?"

"जरा लवकर घ्या हो, दादा."

वाहनं खोळंबली होती. ती मधेच उतरली आणि धावत सुटली. धावता धावता तिच्या मनात नाही नाही ते येत होतं. बाबा पडले असतील. बाबांना कुणी ढकललं असेल. बाबा घाबरून खिडकीकडे गेले असतील. हे सगळं तिने स्वतः लिहून, रंगवून, दाराच्या चावीसकट लोकांच्या हातात दिलं होतं, आणि त्याबद्दल तिचं कौतुकही झालं होतं.

तिसरी पायरी करकरली. मीटरच्या पेटीचं झाकण उघडं होतं. लाल दोरा जमिनीवर पडला होता, आणि चावी नव्हती.

दार बंद होतं. तिने घंटेवर बोट दाबून धरलं, मग दोन्ही हातांनी दार बडवलं. "बाबा! बाबा, दार उघडा!"

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. लाकडी खुर्ची असावी, दाराला टेकवलेली. मग अगदी दाराजवळून आवाज आला.

"कोण आहे?"

तिला रडूच फुटलं. बाबा उभे होते. बोलत होते. "मी आहे बाबा, मी."

"मी कोण?"

"मी म्हणजे मी! तुमची मुलगी. आवाज नाही ओळखला का?"

"यंत्रातून सगळ्यांचे आवाज सारखेच येतात," बाबा म्हणाले. आवाजात कंप होता. त्यांना असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. "मघाशीही एक मुलगी 'मी आले' म्हणूनच आत आली. 'आजोबा, मी आले.' बरोबर एक मुलगा होता. चावीने दार उघडून आली. मला वाटलं, तूच."

"काही केलं का त्यांनी तुम्हाला? लागलं का कुठे?"

"नाही गं. चांगली होती पोरं. ती माझा हात धरून रडली. त्याचं 'चल, चल' चाललं होतं, आणि तिचं 'बघ, जिवंत आहेत, मी म्हटलं नव्हतं?'" बाबा खोकले. "तिला सगळं ठाऊक होतं. कप कुठे, गोळ्या कुठे, फ्रिजवर चष्मा असतो तेसुद्धा. मला वाटलं, नात असेल. मला नात आहे आणि मी विसरलो असेन. डॉक्टर म्हणालेच होते, विसरायला होईल. म्हणून मी नाव विचारलं नाही. वाईट वाटलं असतं तिला."

गोष्टवालीने कपाळ दाराला टेकवलं. बाबांना नात नव्हती.

"बाबा, चष्मा लावा आणि फटीतून मला बघा. एवढंसंच उघडा."

"चष्मा ती घेऊन गेली."

तिसऱ्या भागात फ्रिजवरचा चष्मा उचलल्याशिवाय गेम पुढे सरकतच नाही. हे तिनेच ठरवलं होतं. सगळे तो उचलतातच.

"चावीपण तिच्याकडे आहे का?"

"तिथेच ठेवते म्हणाली. नाहीतर खाली बाकीच्यांच्या हातात देते, त्यांना लागेल म्हणाली." बाबांचा श्वास ऐकू येत होता. "बाकीचे म्हणजे कोण गं?"

तिने वळून जिन्याकडे पाहिलं. "बाबा, आधी मला आत घ्या. मग सांगते सगळं."

"थांब. मी विचारतो, तू सांग. चावी कुठे असते आपली?"

"मीटरच्या पेटीमागे. लाल दोऱ्याला."

"ते त्यांनाही माहीत होतं."

"बाबा..."

"तुझी आई मला काय म्हणायची?"

"टिकटिकराव," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कळलं. दुसरा भाग, स्वयंपाकघरातलं दृश्य. त्या नावावर ऑफिसात सगळे किती हसले होते!

दारापलीकडे बाबांनी खुर्ची पुन्हा दाराला टेकवली. मग हळूच म्हणाले, "त्या मुलीनेही मला हेच म्हटलं."

आता ती खरी घाबरली. आतापर्यंतची भीती बाबांना काय होईल याची होती, ही निराळीच होती. ती आठवू लागली. त्यांचं गुणगुणणं? पहिल्या भागात आहे. आई गेली त्या दिवशी त्यांनी घरातली सगळी घड्याळं थांबवली होती, ते? त्यावर तर बक्षीस मिळालं होतं. लहानपणी ती हरवली होती ती जत्रा, त्यांच्या अंगठ्यावरचा व्रण, चहात बुडवून खायची त्यांची खोड. जे जे आठवे, ते ते कुठल्या ना कुठल्या भागात निघे. बाप आणि मुलीमध्ये जेवढं म्हणून होतं, तेवढं तिने सध्या म्हणून टाकून ठेवलं होतं, आणि आता दाराबाहेर उभं राहून सांगायला तिच्यापाशी स्वतःचं असं काहीच उरलं नव्हतं.

खाली रस्त्यावरचं दार वाजलं.

पावलं वर येऊ लागली. एकदोन जणांची नव्हती. कुणीतरी हातातली चावी कठड्यावर घासत येत होतं, बारीक खर्र आवाज होत होता. कुजबुज चालली होती. "अरे नको, आपण परत जाऊ." "गप रे, एवढं आलोय तर बघून जाऊ." पोलिसांची पावलं अशी कुजबुजत येत नाहीत.

"बाबा," ती दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली, "आतली कडी लावा."

"कडी? आपण नाही लावत कडी."

"आज लावा. आत्ता. पटकन."

"आणि माझी मुलगी आली म्हणजे?" बाबा म्हणाले. "ती संध्याकाळी कामावरून यायची आहे. मला ऐकू नाही आलं तर ती बाहेरच राहील ना."

तिसरी पायरी करकरली. खालून कुणीतरी लाडिक आवाजात हाक मारली, "आजोबा, आम्ही आलो!"

"ती आली तरी उघडू नका," गोष्टवाली म्हणाली. "कितीही खरी वाटली तरी नाही. मलासुद्धा नाही."

मग आतून गंजलेली कडी कुरकुरत, अडखळत सरकू लागली आणि शेवटी ठक्कन बसली. तो आवाज तिने कधी ऐकला नव्हता, म्हणून तो गेममध्येही कुठे नव्हता.

ती दाराला पाठ लावून उभी राहिली आणि जिन्याकडे बघू लागली.